देवाचे देणे, राजाची तिजोरी

इंग्रजीत 'डिओडँड' नावाचा एक शब्द होता. होता असे म्हणायचे, कारण १ सप्टेंबर १८४६ रोजी तो कोर्टकचेरीतून कायमचा बाहेर पडला. आता तो भेटतो तो जाडजूड शब्दकोशांत, नाहीतर कायद्याचा इतिहास शिकवणाऱ्यांच्या टिपणांत. अर्थ असा: माणसाच्या अपमृत्यूला कारण झालेली वस्तू किंवा जनावर. बैलाने शिंगावर घेतले तर तो बैल, गाडीखाली माणूस चिरडला तर ती गाडी. ती वस्तू किंवा तिची किंमत राजाकडे जमा करावी लागे, मग मालकाचा दोष असो वा नसो.

शब्दाची फोड केली की मराठी कानाला तो फारसा परका वाटत नाही. लॅटिनमध्ये 'देओ' म्हणजे देवाला आणि 'दान्दुम' म्हणजे जे द्यायचे आहे ते. लॅटिन 'देउस' आणि आपला 'देव' एकाच मुळातून आलेले, आणि त्यांचा 'दारे' व आपला 'दा' धातूही सख्खे भाऊ. 'दान्दुम' हे क्रियापदाचे रूप आपल्याला रोज भेटते: मेमोरँडम म्हणजे लक्षात ठेवायचे ते, अजेंडा म्हणजे करायची कामे. संस्कृतात हेच काम 'तव्य' प्रत्यय करतो. कर्तव्य, गंतव्य, दातव्य. म्हणजे डिओडँडचा सरळ अनुवाद 'देवाला दातव्य'. शब्द मोठा भाविक आहे. व्यवहार मात्र तसा राहिला नाही, आणि हा लेख त्या व्यवहाराबद्दल आहे.

कोणाच्या तरी चुकीने माणूस मेला की पैशाचे दोन प्रश्न उभे राहतात. पैसे कोणाच्या खिशातून निघाले? आणि कोणाच्या हातात पडले? डिओडँडने पहिल्या प्रश्नाला बरे उत्तर दिले होते, दुसऱ्याला अगदी वाईट. १८४६ मध्ये इंग्लंडने दुसरे उत्तर सुधारले आणि त्या भरात पहिले पुसून टाकले. तोच कायदा नऊ वर्षांनी भारतात आला. आपल्याकडे आजही पूल पडला, होर्डिंग कोसळले, लोकलच्या दारातून माणूस पडला की मदतीचा आकडा लगेच जाहीर होतो आणि पहिला प्रश्न तसाच लोंबकळत राहतो.

मूळ कल्पना देवाचीही नव्हती. नवव्या शतकात आल्फ्रेड राजाच्या कायद्यात एक कलम आहे: झाड तोडताना ते चुकून दुसऱ्याच्या अंगावर पडून तो मेला, तर ते झाड मृताच्या नातलगांना द्यावे आणि त्यांनी तीस रात्रींच्या आत ते रानातून न्यावे, नाहीतर ते रानाच्या मालकाचे. किती व्यवहारी कलम आहे पाहा. ज्या लाकडाने घरचा कर्ता गेला, ते लाकूड त्या घराला. पुढे 'मनुष्याला मारणाऱ्या बैलाला दगडांनी ठेचावे, त्याचे मांस खाऊ नये' ही बायबलच्या निर्गम पर्वातली आज्ञा, अचानक मेलेल्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करवण्याची चर्चची प्रथा आणि राजाची महसुलाची भूक हे सगळे एकत्र कालवले गेले. तेराव्या शतकापर्यंत नातलग या हिशेबातून बाहेर फेकले गेले होते. पैसे राजाच्या दानाध्यक्षामार्फत धर्मकार्याला जावेत असा नियम होता. पण राजांनी हा हक्क जहागीरदारांना आणि शहरांना बहाल करायला सुरुवात केली आणि देवाच्या नावाची ही वसुली इतर महसुलासारखीच एक बाब होऊन बसली.

काम कसे चाले ते जवळून पाहण्यासारखे आहे. प्रेत ज्याला प्रथम दिसले त्याने आरडाओरडा करून शेजाऱ्यांना गोळा करायचे. मग कोरोनरला, म्हणजे अपमृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलावणे. (मुंबईतही १९९९ पर्यंत कोरोनर होता, नाव जुन्या मुंबईकरांच्या ओळखीचे असेल.) कोरोनरने पाहण्याआधी प्रेत पुरायचे नाही. आसपासच्या गावांतले ज्यूरी जमवायचे, त्यांना प्रेत दाखवायचे, शपथ द्यायची. त्यांनी मरणाचे कारण ठरवायचे, कारण झालेली वस्तू नेमकी कोणती ते सांगायचे आणि तिची किंमत लावायची. हे सगळे कोरोनरच्या गुंडाळीत लिहिले जाई आणि वस्तू गावाच्या ताब्यात राही. राजाचे फिरते न्यायाधीश कधीतरी, अनेकदा काही वर्षांनी, त्या भागात आले की गुंडाळी वाचून पैसे मागत. तोवर बैल मेला, गाडी मोडली, मालक पळाला, तरी भरपाई गावाने करायची. खुनाच्या आरोपपत्रातही सुरी 'सहा पेन्स किमतीची' असे लिहायची रीत होती ती यामुळेच. सुरी कोणाची, हे गौण. माझी तलवार घेऊन दुसऱ्याने खून केला तरी तलवार माझ्या हातून गेलीच.

वस्तू ठरवण्याचे नियम वाचताना आधी हसू येते. माणूस उभ्या गाडीच्या चाकावर चढताना घसरून मेला तर फक्त चाक जप्त. गाडी चालू असेल तर चाकासकट गाडी, आतला माल, सगळेच, कारण 'मृत्यूकडे जे जे हलले ते ते देवाचे'. उभ्या घोड्यावरून किंवा गाडीवरून अजाण मूल पडून गेले तर काहीच नाही; मोठा माणूस पडला तर जप्ती. नदीच्या गोड्या पाण्यात नावेतून पडला तर नाव गेली, खाऱ्या समुद्रात पडला तर नाही. अठराव्या शतकात कायदेपंडित ब्लॅकस्टोनने हे सारे नीट मांडून ठेवले आणि मुलांबद्दलच्या सवलतीमागचे जुने स्पष्टीकरणही दिले: अजाण मुलाच्या माथी पाप नाही, मग त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना कशाला? पण हसून झाल्यावर लक्षात येते की चालत्या आणि उभ्या गाडीतला फरक मुळीच वेडगळ नाही. जखम चाकाने केली, पण त्या चाकाला जोर मालाच्या वजनाने दिला. धोका सगळ्या चालत्या यंत्रणेत असतो, एका सुट्या भागात नाही. आजच्या चौकशी अहवालांना हे सुचत नाही. त्यांना एक चालक किंवा एक सिग्नलमन सापडला की काम संपते.

ही व्यवस्था निकामी कशाने झाली? ज्यूरी मालकाच्या शेजारचे. दु:खी विधवेला एक पैसा मिळणार नाही आणि जहागीरदाराची धन होणार, हे त्यांना दिसत होते. म्हणून ते किंमत पाडून लावत. आख्ख्या गाडीऐवजी एक चाक आणि चाकाचा एक शिलिंग, असले हिशेब होऊ लागले. अठराव्या शतकाअखेर डिओडँड म्हणजे नुसता सोपस्कार उरला होता. पैसे चुकीच्या हातात जात असतील तर ते काढून घ्यायला कोणाचे मन धजत नाही. आधुनिक दंडव्यवस्थेनेही ही गोष्ट गाठीशी बांधावी.

आणि मग आगगाडी आली. रुळांवर चालती वस्तू म्हणजे आख्खी गाडी, इंजिनासकट, आणि मालक म्हणजे तोंडओळखही नसलेली कंपनी. ज्यूरींचा हात एकदम सैल झाला.

२४ डिसेंबर १८४१. लंडनच्या पॅडिंग्टनहून पहाटे निघालेली ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीची मालगाडी ब्रिस्टलकडे चालली होती. इंजिनामागे टेंडर, म्हणजे इंजिनाच्या कोळशा-पाण्याचा डबा, टेंडरमागे तिसऱ्या वर्गाचे उघडे डबे, आणि त्यांच्या मागे मालाने लादलेल्या वॅगनी. डब्यांत नव्या पार्लमेंटच्या बांधकामावरचे गवंडी होते, नाताळला घरी निघालेले. रेडिंगजवळ सॉनिंगच्या खोल खोदकामात पावसाने दरड खचून रुळांवर माती आली होती. इंजिन त्या मातीत घुसले आणि जागच्या जागी थांबले; मागचा माल थांबला नाही. मधले डबे टेंडर आणि वॅगनींच्या चिमट्यात सापडले. बाजूच्या फळ्या जेमतेम दोन फुटांच्या, त्यामुळे माणसे बाहेर फेकली गेली. आठ जण तिथेच गेले, नववा नंतर. ज्यूरीने इंजिन, टेंडर आणि डब्यांवर १००० पौंड डिओडँड लावला. नवव्या मृत्यूच्या वेगळ्या चौकशीत आणखी १०० पौंड.

हा आकडा इंजिनाची किंमत म्हणून काढलेला नव्हता. ज्यूरी कंपनीला सांगत होते: माणसे मालाच्या पुढे, उघड्या डब्यांत का बसवलीत? सहाशे वर्षांचा जुनाट शब्द त्यांनी निष्काळजीपणाच्या दंडासाठी वापरला, आणि मला तो वापर अगदी रास्त वाटतो. १८४४ च्या रेल्वे कायद्याने कंपन्यांवर रोज एक तरी स्वस्त गाडी चालवण्याची सक्ती केली: मैलाला एक पेनी, ताशी किमान १२ मैल, बसायला जागा आणि पावसापासून आडोसा. सॉनिंगच्या गवंड्यांना यातले काहीच मिळाले नव्हते.

वरच्या न्यायालयांना ज्यूरींचा हा सैल हात रुचत नव्हता. तांत्रिक चुका काढून अशा आकारण्या रद्द करण्याचा सपाटा लागला. शिवाय दुसऱ्या बाजूने एक विचित्र नियम ठाण मांडून होता. १८०८ मध्ये बेकर विरुद्ध बोल्टन या खटल्यात लॉर्ड एलेनबरो यांनी सांगितले की दिवाणी न्यायालयात माणसाचा मृत्यू हे नुकसान म्हणून मांडताच येत नाही. घोडागाडी उलटून बेकरची बायको जखमी झाली आणि महिनाभराने गेली. त्याला स्वतःच्या जखमांची आणि ती जिवंत असेपर्यंतच्या सहवासाची भरपाई मिळाली. मरणाच्या क्षणापुढचे शून्य. थोडक्यात, माणसाला लंगडा केला तर खर्च, ठार केला तर फुकट.

लॉर्ड कॅम्पबेल यांनी १८४६ मध्ये दोन्ही गाठी एकदम सोडवल्या. ऑगस्टमध्ये दोन कायदे मंजूर झाले: एकाने डिओडँड रद्द, दुसऱ्याने मृताच्या बायको, नवरा, आईवडील आणि मुलांना बारा महिन्यांच्या आत दावा लावण्याचा हक्क. पैसे अखेर आल्फ्रेडच्या काळासारखे घराकडे वळले. हे मोठेच काम होते, आणि डिओडँडसाठी गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. निर्दोष मालकाची गाडी नेणे अन्यायच होता.

पण हिशेब नीट मांडा. नव्या कायद्यात भरपाई म्हणजे मृताच्या कमाईतून घरच्यांना जे मिळाले असते तेवढेच. दु:खाचे पैसे नाहीत, हे १८५२ मध्ये ब्लेक विरुद्ध मिडलंड रेल्वे खटल्यात पक्के झाले. कंपनी किती बेफिकीर होती, याचा आकड्याशी संबंध उरला नाही. मेला तो कोण आणि किती कमवत होता, एवढाच संबंध. आणि रेल्वेचा कामगारच मेला तर? १८५० च्या हचिन्सन खटल्यात ठरले की सहकाऱ्याच्या चुकीने नोकर मेला तर मालक जबाबदार नाही. नोकरी धरतानाच त्याने तो धोका पत्करलेला असतो. म्हणजे डिओडँड गेला आणि कामगाराच्या विधवेला नुकसानभरपाईही नाही. १८८० आणि १८९७ च्या कामगार कायद्यांपर्यंत रेल्वे कंपन्यांना आपला माणूस मरणे १८४६ पूर्वीपेक्षा स्वस्त पडत होते. या अर्ध्या बाजूबद्दल सुधारणेचे गोडवे गाणारे गप्प असतात.

बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. कॅम्पबेलचा कायदा भारतात आला १८५५ चा तेरावा कायदा म्हणून. 'प्राणघातक अपघात कायदा' या नावाने तो आजही पुस्तकात आहे, आणि त्याचा साचा आपल्या मोटार अपघात दाव्यांत उतरला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत गणित बांधून दिले. समजा, मृत रिक्षाचालक ३४ वर्षांचा, महिन्याची कमाई १५,०००, घरात चार जण अवलंबून. वर्षाचे १,८०,०००. स्वयंरोजगार आणि वय चाळीसच्या आत, म्हणून भावी वाढीचे ४० टक्के धरून २,५२,०००. त्याचा स्वतःवरचा खर्च एक चतुर्थांश वजा: १,८९,०००. ३१ ते ३५ वयाचा गुणक १६. झाले ३०,२४,०००, आणि वर अंत्यविधी वगैरेंच्या ठरीव रकमा. दाव्यात गडबड होते ती बहुधा इथेच: कमाईचा कागद नसतो, मग किमान वेतन धरले जाते आणि पुढचे सगळे गुणाकार खाली येतात. शिवाय एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत लावावा लागतो. कागद जमवण्यातच बरेच जण ही मुदत घालवतात.

घराच्या बाजूने हे गणित योग्य आहे. जेवढी चूल बंद पडली तेवढे द्यायचे. पण ठोकणाऱ्याच्या बाजूने पाहा. तोच ट्रक, तोच बेफामपणा, तोच चौक; रिक्षावाल्याऐवजी महिना दीड लाखवाला गेला की रक्कम दहापट. आणि ती तरी भरतो कोण? विमा कंपनी. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता ठरतो गाडीच्या प्रकारावर, खासगी मोटारीचा इंजिनाच्या सीसीवर. आधी किती जणांना उडवले याची त्या हप्त्यात नोंद नाही. 'नो क्लेम बोनस' मिळतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. परवाना आणि कागद जागेवर असलेल्या मालकाच्या खिशाला मृत्यूने धक्काही लागत नाही.

रेल्वेचे गणित वेगळे. तिथे २०१७ पासून मृत्यूला सरसकट ८ लाख, गरीब-श्रीमंत भेद नाही, रेल्वेचा दोष सिद्ध करण्याचीही गरज नाही. चांगली तरतूद आहे. पण हे ८ लाख येतात भाडे आणि कर भरणाऱ्यांच्या पैशातून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन खचाखच लोकल शेजारून जाताना दारातली माणसे खाली पडली. गर्दीचे नियोजन ज्याच्या टेबलावर होते त्याच्या अंदाजपत्रकात त्यामुळे काय फरक पडला? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सरकारी सानुग्रह मदतीचेही तसेच. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडून १७ जण गेले. नियम ४० बाय ४० फुटांचा, होर्डिंग १२० बाय १२० चे. मृतांच्या वारसांना राज्याने ५ लाख जाहीर केले, म्हणजे जनतेने. मध्ययुगीन इंग्रज ज्यूरीने पहिला प्रश्न विचारला असता: त्या लोखंडाची किंमत काय, आणि ते कोणाचे?

यावर ठरलेला आक्षेप येतो. दोषीला शिक्षा द्यायला फौजदारी कायदा आहे, निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आहे ना. पण ती कैद होते हाडामांसाच्या माणसाला, आणि तो साखळीतला सगळ्यात खालचा दुवा असतो: चालक, मुकादम, ठेक्यावरचा पर्यवेक्षक. धोका यंत्रणेत आणि शिक्षा एकट्याला. इंग्लंडला आपली चूक उमगायला दीडशे वर्षे लागली. ६ एप्रिल २००८ पासून तिथे संस्थात्मक सदोष मनुष्यवधाचा कायदा लागू आहे. दंडाला वरची मर्यादा नाही, २०१६ पासूनच्या मार्गदर्शक सूत्रांत तो संस्थेच्या उलाढालीवरून ठरतो, आणि 'आम्ही दोषी ठरलो' असे जाहीरपणे छापायलाही न्यायालय कंपनीला लावू शकते. डिओडँडच मागल्या दाराने परत आला. फरक एवढाच की निर्दोष मालक सुटला आणि वारसांचा दावा स्वतंत्र राहिला.

आपल्याकडे असा कायदा नाही, पण खुणा आहेत. २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार विमा नसलेले अपघाती वाहन मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय सुटत नाही. ताब्यात घेतल्यापासून तीन महिन्यांत हमी आली नाही तर दंडाधिकारी त्याचा लिलाव करतात आणि पैसे दावा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी जातात. ज्या वस्तूने मारले तिचीच किंमत मृताच्या घराला. आल्फ्रेडचे झाडच ते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे गेलेल्यांच्या वारसांना ६ लाख देण्याचा आदेश दिला आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करण्याची वाटही आखून दिली. आधी घराला द्या, मग दोषीकडून काढा: दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी ठेवणारा क्रम हाच. अडकणार आहे ते दुसऱ्या पायरीवर, कारण रस्ता कोणाचा, दुरुस्तीचे कंत्राट कोणाचे, हमी कालावधी चालू होता की संपला, हे महिन्याभराने शोधायला गेले की तीन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात.

या शोधाची सुरुवात पंचनाम्यापासून करता येईल. अपमृत्यूच्या पंचनाम्यात, दोन प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष, जखमा कोणत्या आणि त्या कोणत्या हत्याराने वा साधनाने झालेल्या दिसतात, हे लिहायची कायद्याची सक्ती आहे. कोरोनरच्या गुंडाळीतही एवढे असेच, आणि शेजारी आणखी दोन गोष्टी असत: ते साधन कोणाचे आणि किमतीचे किती. आपल्या कागदात हे दोन रकाने नाहीत. फुटपाथवर वाकलेला खांब, त्यावरचा क्रमांक, ज्या खात्याने तो उभारला त्याचे नाव, कंत्राटाची रक्कम, हमीची तारीख: प्रेत उचलण्याआधी तिथे उभे राहून दहा मिनिटांत लिहिता येते.